बोटांचा भाव

आमच्या भागात माणसाला दोन नावं. एक बारशाला ठेवलेलं. ते शाळेच्या दाखल्यावर आणि असलाच तर सातबाऱ्यावर. दुसरं गावानं ठेवलेलं. ते मरेपर्यंत चालायचं. गावाचं नाव बहुतेक करून अंगावरनं पडायचं. लंगडा, चकणा, थोटा. यात दुखवायचा हेतू नसतो असं सगळे म्हणायचे, पण ज्याला नाव पडलं त्याला कुणी विचारायला गेलं नाही. पुढं मला एक गोष्ट ध्यानात आली. आमच्या गावात जन्मापासून थोटा असा एकही माणूस नव्हता. ज्याची बोटं गेली, हात गेला, त्याचा तो कामावर गेला होता. आणि ते काम बहुतेक वेळा दुसऱ्याचं होतं.

हात गेल्यावर काय मिळालं, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. कुणाला दोन पोती जोंधळे मिळाले. कुणाला ‘आता बसून खा’ म्हणून खळ्यावर राखणीचं काम मिळालं. एकालाच रोख पैसे मिळाले, तेही सरकारी कागदावर. गाव पहिल्या दोन गोष्टींना मदत म्हणायचं. तिसरीला नाव नव्हतं. ते नाव ‘भरपाई’ आहे, हे मला बरंच उशिरा समजलं. मदत आणि भरपाई यांत केवढं अंतर आहे, आणि ते तोडायला आपल्याच माणसांनी किती वर्षं घालवली, त्याची ही हकिगत.

आधी जुनी रीत सांगतो. यंत्र नव्हतं तेव्हाही कामावर माणूस जायबंदी व्हायचाच. बैल शिंग मारायचा, मोट ओढताना नाडा तुटायचा, विहीर खणताना दरड अंगावर यायची. सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं. वर्षाचं धान्य, घोंगडं, पायताण आणि थोडे रोख पैसे. तो अंथरुणाला खिळला की तितके दिवस खाडा. खाडा भरून काढायला भाऊ नाही तर पोरगा कामावर उभा राहायचा. धनी भला असला तर हळद-दूध पाठवायचा, हाडवैदाला बोलवायचा. भला नसला तर साल मोडायचा. दोन्ही वेळा बोलणारा धनीच. बैल मेला तर दुसरा घ्यायला सरकारकडं तगाई मागता यायची. सालगड्याचा हात गेला तर मागायला दारच नव्हतं.

दार पहिल्यांदा ठोठावलं ते मुंबईत. ठोठावणारे आपल्यातलेच होते. कावसजी दावरांनी १८५४ साली पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली, १८५६ ला ती चालू झाली. पुढं तीस वर्षांत परळ-लालबागकडं धुराड्यांची रांग लागली. रत्नागिरी, सातारा, पुणे, नगरची माणसं तिथं गेली. दुष्काळानं गेली, कर्जानं गेली, जमिनीचा तुकडा पुरेना म्हणून गेली. गावाकडं बैल बिथरला तर त्याला नावानं हाक मारून थांबवता यायचं. शाफ्टवरचा पट्टा हाकेला थांबत नाही. धोतराचा सोगा पट्ट्यात अडकला की माणूस वर ओढला जायचा. साच्यातनं धोटा उडून डोळ्यात बसायचा. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यानं यंत्राला कुंपण घाला आणि अपघाताची खबर द्या, एवढं सांगितलं. ज्याचा अपघात झाला त्याचं पुढं काय, यावर कायद्यात ओळ नव्हती.

ती ओळ नारायण मेघाजी लोखंड्यांनी लिहिली. जोतीरावांच्या सत्यशोधक समाजातला हा माणूस ‘दीनबंधू’ चालवायचा. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणीकामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडं गेला. आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाचे तास सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, या चार मागण्या सगळ्यांना ठाऊक असतात. रविवारची सुट्टी लोखंड्यांनी मिळवून दिली, हे आता शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. पाचवी मागणी फारशी कुणी सांगत नाही. ती अशी होती : काम करताना कामगाराला मोठी इजा झाली आणि तो काही काळ कामाला मुकला, तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा, आणि तो जन्माचा अधू झाला, तर त्याच्या पोटापाण्याची नीट सोय व्हावी.

ह्या मागणीत ‘मालकाची चूक असेल तर’ असं कुठं आलेलं नाही. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. कारण कोर्टाचा रस्ता तोवर चुकीवरूनच जायचा. इंग्लंडात १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा खटला झाला. गाडीवर जास्त माल लादला होता, गाडी मोडली आणि नोकराची मांडी मोडली. न्यायालयानं सांगितलं, मालक जबाबदार नाही. धोका दिसत होता तर नोकरानं जायचं नव्हतं. त्यातनं पुढं मालकाच्या हातात तीन ढाली आल्या. एक, तुझ्या सोबत्याच्या चुकीनं अपघात झाला, मालकाच्या नव्हे. दोन, तुझीही थोडी चूक होती. तीन, धोका माहीत असूनच तू काम पत्करलंस. या तिन्ही ढालींतनं आरपार जाईल असा कामगार शोधून सापडायचा नाही. आपल्याकडं १८५५ च्या कायद्यानं मेलेल्याच्या वारसांना दावा करता यायचा, पण तिथंही दुसऱ्याची चूक सिद्ध करायची. ज्याचा कर्ता माणूस गेला त्या बाईनं वकील लावून गिरणीमालकाची चूक सिद्ध करायची, म्हणजे कोरड्या विहिरीत मोट सोडायची.

गंमत बघा. ज्या १८८४ मध्ये परळला ती सभा झाली, त्याच वर्षी जर्मनीत बिस्मार्कच्या सरकारनं अपघात विम्याचा कायदा केला. चूक कुणाची हे विचारायचं नाही. सगळ्या मालकांनी मिळून वर्गणी भरायची आणि जखमी कामगाराला त्यातनं द्यायचं. इंग्लंडनं तसा कायदा १८९७ ला केला. त्याच १८९७ च्या फेब्रुवारीत लोखंडे मुंबईत प्लेगनं गेले. आपल्या देशात कायदा झाला १९२३ साली आणि लागू झाला १ जुलै १९२४ ला. म्हणजे परळच्या अर्जानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. त्या वेळी दिल्लीच्या कायदेमंडळात कामगारांच्या बाजूनं ना. म. जोशी बसत होते. तेही कोकणातल्या गोरेगावचे.

कायद्याचं नाव होतं कामगार नुकसानभरपाई कायदा. आमच्या गावात तो पहिल्यांदा आला तो आबांच्या बोटांवरनं.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. मुंबईला साचेखात्यात होते. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्ष-दीड वर्षात त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं, अंगठ्याजवळचं आणि मधलं, चालू साच्याच्या दातेरी चाकात गेली. जॉबर म्हणाला, “चालू मशिनीत हात घातलास, आता कुणाला बोलशील?” आबांनाही ते पटलं होतं. हात बांधून ते गावी यायला निघाले होते. खोलीवरच्या युनियनवाल्या सोबत्यानं त्यांची पिशवी काढून घेतली आणि अर्ज लिहायला बसवलं.

आबा ही गोष्ट संध्याकाळी ओट्यावर बसून सांगायचे. “साहेबानं इचारलं, कामावर हुतास का? म्हनलं व्हय. गिरनीचंच काम करत हुतास का? म्हनलं व्हय. चूक कुनाची, हे त्येनं इचारलंच न्हाई. मी वाट बघत हुतो, कवा इचारतोय म्हून. मग कागद काढला. आरं, सरकारनं मानसाच्या अंगाचं दरपत्रक केलंया.”

ते दरपत्रक म्हणजे कायद्याची पहिली अनुसूची. जुन्या अनुसूचीत उजवा हात कोपरापासून गेला तर कमावण्याची ताकद ७० टक्के गेली असं धरायचे, डावा गेला तर ६० टक्के. एक डोळा ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचं कुठलंही बोट ५. आबांची दोन बोटं म्हणजे १० आणि ५, मिळून १५ टक्के. ऐकताना अंगावर काटा येतो. माणूस म्हणजे काय बाजारातला बैल आहे, अवयवावर भाव लावायला? मलाही तसंच वाटायचं. पण आबांना त्याचा राग नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की भाव लिहिलेला असला की घासाघीस होत नाही. भाव लिहिलेला नसला की समोरच्याच्या तोंडाकडं बघावं लागतं.

तो कायदाही काही फार उदार नव्हता. माणूस मेला तर सुरुवातीला तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. कायमचा पूर्ण अधू झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा साडेतीन हजार, तिथंही जे कमी ते. पहिल्या दहा दिवसांचं काहीच नाही. पण दोन गोष्टी त्यानं पक्क्या केल्या. काम करताना आणि कामामुळं अपघात झाला एवढं पुरे, चूक सिद्ध करायची गरज नाही. आणि ‘मला भरपाई नको’ असं कामगारानं लिहून दिलं तरी तो कागद रद्द. पोटाला चिमटा बसला की माणूस कशावरही सही करतो, हे कायदा लिहिणाऱ्याला ठाऊक होतं.

आबांनी त्या पैशाची म्हैस घेतली. गाव तिला ‘बोटाची म्हस’ म्हणायचं. तिच्या दुधावर घरातली तीन पोरं वाढली. आजी म्हणायची, “दोन बोटं गेली खरी, पर कुनाच्या पाया पडावं लागलं न्हाई.” मला वाटतं, या सगळ्या कायद्याचा अर्थ तिच्याइतका नेमका कुणी सांगितला नसेल.

१९४८ ला कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ ला कानपूर-दिल्लीपासून त्याची योजना सुरू झाली. मोठ्या कारखान्यांतल्या कामगारांना त्यातनं दवाखाना आणि अधू झाल्यावर पेन्शन मिळू लागली. शहरातली वाट बरी रुंद झाली. गावाकडं मात्र उलटं झालं. ऑइल इंजिन आलं, वीज आली, मोटार आली, चरक, कडबाकुट्टी, पिठाची गिरणी, मळणीयंत्र आलं. यंत्र आलं, त्याच्याबरोबर यायचा तो कायदा वेशीवरच राहिला.

गुऱ्हाळाची गोष्ट सांगतो. १९७० नंतरच्या दशकातली आहे. आमच्या नदीकाठाला तेव्हा गुऱ्हाळं जोरात होती. चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं, काहिलीत रस उकळतोय, गुळव्या फेस काढतोय, आणि एका बाजूला इंजिनावरचा चरक घरघरतोय. चरकाला ऊस लावणारा गडी सकाळपासून उभा असायचा. काहील रिकामी झाली की रस तयार पाहिजे, म्हणून रात्रीही झोप नाही. पहाटेच्या डुलकीत त्या गड्याचा उजवा हात उसाबरोबर आत गेला. इंजिन बंद करायला पळेपर्यंत मनगटाच्या वर गेला होता.

मालकानं वाईट केलं असं गावातला कुणी म्हणणार नाही. स्वतःच्या जीपमधनं मिरजेला नेलं, दवाखान्याचं बिल भरलं. माघारी आल्यावर देवळात बैठक बसली. दोन पोती जोंधळे, वर्षाला एक लुगडं त्याच्या बायकोला, आणि गड्यानं इथून पुढं मळ्याची राखण करायची, असं ठरलं. तसा कागद झाला. सही म्हणून त्यानं डाव्या हाताचा अंगठा उठवला. तो शाबूत होता. गाव म्हणालं, मालक देवमाणूस. गडीही तेच म्हणायचा. पण त्या दिवसापासून तो मालकासमोर कधी खाली बसला नाही. जोंधळे मागायला बायको जायची ती मागल्या दारानं. चार वर्षांनी वाटण्या झाल्या. मळा धाकट्या भावाकडं गेला. धाकटा म्हणाला, शब्द दादानं दिला होता, मी नाही. त्या दिवशी मदत संपली. मदतीचं असंच असतं. देणाऱ्याचं मन, हयात किंवा सातबारा बदलला की ती संपते.

आता ऐका. ज्या जागेत इंजिनाच्या किंवा विजेच्या जोरावर माल तयार होतो, तिथल्या कामगाराला हा कायदा तेव्हाही लागू होता. गुऱ्हाळ त्यात बसत होतं. ट्रॅक्टर नाही तर दुसऱ्या यंत्रशक्तीच्या अवजारानं शेती करणारा मजूर त्यात होता. बारा फुटांपेक्षा खोल खणती करणारा, सुरुंगाच्या कामावरचा मजूर त्यात होता.  मनगटापासून हात गेला तर नव्या अनुसूचीत ६० टक्के. डावा-उजवा हा भेदही त्यात उरलेला नाही. हे सगळं छापील होतं. देवळातल्या त्या बैठकीला मास्तर होते, तलाठी होता, सोसायटीचा सेक्रेटरी होता. कुणाच्या तोंडून ‘भरपाई’ हा शब्द निघाला नाही. कुणी मुद्दाम दडवला असंही नाही. आमच्या डोक्यात कायदा हा गिरणीच्या भोंग्याच्या टापूतला होता.

त्याच दशकात सर्वोच्च न्यायालयापुढं एका सुताराचं प्रकरण गेलं. सिनेमागृहाच्या बांधकामावर नक्षीचं काम करताना तो पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. मालकाचं म्हणणं, अनुसूचीप्रमाणं टक्के धरा, पूर्ण नको. डिसेंबर १९७५ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की सुताराला एका हातानं काम करता येत नाही, म्हणून त्याची कमावण्याची ताकद शंभर टक्के गेली. आणि भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून. निकालाच्या दिवसापासून नव्हे. आमच्या गड्याच्या प्रकरणात कुणी हा निकाल वाचून दाखवला असता तर? एका हातानं मोळी बांधता येत नाही, हे सांगायला वकील लागत नाही.

पुढं पंजाब-हरियाणाकडं मळणीयंत्रात हात गेलेल्यांची संख्या इतकी वाढली, की केंद्रानं १९८३ ला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा वेगळा कायदा केला. आपल्याकडं सुगीच्या दिवसांत मळणीयंत्र एका खळ्यावरनं दुसऱ्या खळ्यावर रात्रभर फिरतं. पेंढी आत सारणाऱ्याच्या डोळ्यात झोप असते, बाईचा पदर वाऱ्यानं उडतो. त्या कायद्याची चर्चा मी आमच्या खळ्यावर कधी ऐकली नाही.

कायदा गावात एकदा खरा आलेला मी बघितला, तो २०११ नंतर. विहिरीच्या कामावर यारीचा दोर तुटला आणि खाली असलेला तीस वर्षांचा मजूर डब्याखाली सापडून गेला. अपघात शेजारच्या जिल्ह्यात झाला होता. ठेकेदार दहाव्याला आला. पन्नास हजार रुपये आणि टाइप केलेला कागद घेऊन आला. म्हणाला, “ताई, तो प्यालेला होता. कोर्टात गेलात तर एवढंबी मिळायचं नाही.” पोरीनं, म्हणजे त्या मजुराच्या बायकोनं, कागद ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आली. मी तेव्हा शाळेतनं निवृत्त झालो होतो. “गुरुजी, हे वाचून दावा,” म्हणाली.

वाचून दाखवलं. वर लिहिलं होतं ‘मानवतेच्या भूमिकेतून मदत’. खाली, पुढं कसलाही दावा करणार नाही. तिला कायदा सांगितला. माणूस मेला असेल तर दारूची सबब चालत नाही. ती फक्त किरकोळ आणि अंशतः इजेच्या वेळी चालते. मृत्यूची भरपाई परस्पर हातात द्यायची नसते, आयुक्ताकडं भरायची असते. परस्पर दिलेली भरपाई म्हणून धरत नाहीत. हक्क सोडल्याचा कागद कायद्यापुढं टिकत नाही. आणि अपघात कुठंही झाला असला तरी वारस जिथं राहतात तिथल्या आयुक्ताकडं अर्ज करता येतो. ती म्हणाली, “म्हंजी ह्ये आपलं मागून घ्यायचं हाय, त्यांनी द्यायचं न्हाई?” मी हो म्हणालो. पन्नास हजार परत गेले.

सोपं झालं असं कुणी समजू नये. मजूर कामावर होताच कशावरनं, इथून ठेकेदारानं सुरुवात केली. हजेरीची वही नव्हती. सोबतच्या दोघांनी साक्ष दिली, एकानं फिरवली. पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल उपयोगी पडला. चार वर्षं तारखा झाल्या. ती दर तारखेला मजुरी बुडवून, धाकट्या पोराला कडेवर घेऊन जायची. शेवटी पगार महिना ६ हजार धरला. मृत्यूला त्याचा निम्मा, म्हणजे ३ हजार. त्याला तीस वर्षं वयाचा कायद्यातला गुणक २०७.९८, एकूण ६ लाख २३ हजार ९४० रुपये. वर १२ टक्क्यांनी व्याज. पोरांच्या वाट्याचे पैसे बँकेत त्यांच्या नावानं ठेवायला लावले, सासरच्या कुणाला हात लावता आला नाही. भावकीतले म्हणाले, नवऱ्याच्या जिवाचे पैसे घेतले. तिनं कुणाला उत्तर दिलं नाही. पोरगी पुढं नर्सिंगला गेली.

आज हाच हिशेब बघायचा तर सोपा आहे. महिना १२ हजार कमावणारा तीस वर्षांचा मजूर, मनगटापासून हात गेला. पगाराचे ६० टक्के म्हणजे ७ हजार २००, गुणिले २०७.९८, त्याचे ६० टक्के. सुमारे ८ लाख ९८ हजार रुपये. जुना कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. हिशेबाची रीत तीच ठेवली आहे. कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी त्याचा संबंध दिसला तर, तिच्यात धरला आहे.

आता अवघड प्रश्न. हे ८ लाख ९८ हजार द्यायचे कुणी? गिरणीमालक होता तेव्हा उत्तर सोपं होतं. आमच्या गावात ज्याच्या खळ्यावर हात जातो तो दोन-तीन एकरांचा धनी असतो. त्याच्यावर एवढी रक्कम बसली तर त्याचं रान जाईल. मजुरालाही ते ठाऊक असतं. सकाळ-संध्याकाळ एकमेकांच्या तोंडाकडं बघायचं असतं, म्हणून तो अर्ज करत नाही आणि दोन पोती जोंधळ्यांवर मिटवतो. शेतकऱ्यासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंड्यांच्या नावची अपघात योजना आहे : मृत्यूला २ लाख, दोन अवयव गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. त्याच मळणीयंत्रावर त्याच पेंढीला हात लावणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. एकाच यंत्रानं दोघांचे हात नेले तर एकाच्या हाताला सरकारी भाव आहे आणि दुसऱ्याच्या हाताला देवळातली बैठक.

यावरचा तोडगा जर्मनीत १८८४ ला सापडला होता, आणि आपल्या हमालांनीही तो १९६९ ला करून दाखवला. एका मालकावर भार टाकू नका. सगळ्यांकडनं थोडं थोडं घ्या. माथाडी कायद्यानं मजुरीवर लेव्ही बसवली, मंडळं काढली, आणि आज या दुकानात तर उद्या त्या वखारीत पाठीवर पोतं वाहणाऱ्याला भरपाईचा कायदा लागू केला. त्याला कायमचा मालक नव्हता, तरीही. आमच्या मळणीचा दर पोत्यामागं ठरतो. हंगामाच्या आधी गावात बसून तो ठरवतात. त्याच वेळी पोत्यामागं दोन-चार रुपये जास्त धरून यंत्रवाल्यानं मजुरांचा विमा उतरवायचा, असं ठरवायला कुणाची परवानगी लागत नाही. इन्शुरन्स कंपन्यांकडं तशी पॉलिसी मिळते. ग्रामसभेत हा विषय मी दोनदा मांडला. दुसऱ्या वेळी चार यंत्रवाल्यांतल्या दोघांनी पॉलिसी काढली.

तोवर एवढं करावं. अपघात झाला की तारीख, वेळ, जागा आणि बरोबर कोण होतं ते लिहून ठेवावं. दवाखान्यात ‘पडलो’ असं सांगू नये, कुठल्या यंत्रावर काय झालं ते केसपेपरवर लिहून घ्यावं. मालकाला लेखी कळवावं. दोन वर्षांच्या आत अर्ज करावा. आणि कुणीही, कितीही देवमाणूस असला तरी, त्यानं आणलेल्या कागदावर वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये.